चौथ्या लाइनवरचं बटण

“लाल अक्षरं नकोत,” पाच्छापुरे सर म्हणाले. “खंडेनवमीचा दिवस, कारखान्याच्या मालकांच्या मातोश्री येणार, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात ‘धोका’? बरं दिसतं का ते?”

“धोका असेल तर तसंच दिसायला हवं, सर.”

“हिरवं कर.”

“धोका हिरव्या अक्षरात लिहू?”

“लिहूच नकोस.”

या संभाषणाला आता बरीच वर्षं झाली. ते झालं कोल्हापुरात, आमच्या कंपनीत. कंपनी म्हणजे एका फाउंड्रीच्या माळ्यावरच्या दोन खोल्या. खाली ठोकाठोकी चालायची आणि वर पाच्छापुरे सर ‘व्हिजन’ सांगायचे. सर मालक, मॅनेजर आणि सेल्समन असं सगळं स्वतःच होते. मी शलाका हेरवाडे, कंपनीची ‘सॉफ्टवेअर टीम’. ब्रोशरवर तसंच छापलं होतं, आणि टीम सबंध एका खुर्चीवर बसायची. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

आम्ही यंत्रमागांसाठी एक पेटी बनवली होती. पेटीत छोटा कॉम्प्युटर. मागावर आडवा धागा तुटला की मागाचा सेन्सर पेटीला हाक मारायचा. आमच्या धंद्यात त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम टाकून आधी तिकडे धावतो, काय झालंय ते बघतो, माग थांबवतो आणि मग परत येऊन आपलं काम पुढे चालू करतो. ही सगळी धावपळ सांभाळणारा सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्या कर्नलमध्ये हात घालणारी कंपनीत मी एकटीच. सर त्याला शेवटपर्यंत ‘कर्नलसाहेब’ म्हणत राहिले आणि दर वेळी स्वतःच हसले.

इचलकरंजीच्या आदगोंडा मगदूम यांच्या कारखान्यात आम्ही मागांच्या एका रांगेला पेटी बसवली होती. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पेटी पसंत पडली तर सगळ्या कारखान्याला पेट्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. पहिल्याच चाचणीत एका सेन्सरच्या काचेवर कापसाचे तंतू बसले आणि सेन्सर जो हाका मारत सुटला तो थांबेचना. सेकंदाला हजारो. पोरांनी दाराची बेल दाबून धरली तर घरातला माणूस दारातच अडकून पडेल आणि आत गॅसवरचं दूध उतू जाईल, तशी पेटीची गत झाली. स्क्रीन गोठला. अण्णांनी वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “झोपलं व्हय हे?”

परतीच्या वाटेवर सर गाडीत एक शब्द बोलले नाहीत. एवढी शांतता मी त्यांच्या सहवासात त्याआधी अनुभवली नव्हती. कोल्हापूर आल्यावर म्हणाले, “काय वाट्टेल ते कर, पण पेटी पुन्हा हँग होता कामा नये.”

मी उपाय लिहिला. पेटीत येणाऱ्या प्रत्येक तारेवर, म्हणजे लाइनवर, सेकंदाला किती हाका येतात ते कर्नलने मोजायचं. धागा तुटून तुटून किती वेळा तुटेल? त्याहून कितीतरी जास्त हाका आल्या, तर सेन्सर बिघडला असं समजायचं आणि ती लाइन बंद करून टाकायची. पेटी मोकळी होते, बाकीची कामं करू लागते. पण लाइन बंद करणं म्हणजे त्या बाजूने कान बंद करणं. म्हणून त्याच्या जोडीला मी आणखी सोय केली होती. लाइन बंद झाल्याचं स्क्रीनवर ठळक लाल अक्षरात यायचं, त्या लाइनवरचे माग थांबायचे, आणि थोड्या थोड्या वेळाने पेटी ती लाइन उघडून बघायची की गोंधळ संपला का.

लाल अक्षरं कशी गेली ते वर सांगितलंच. मग सर म्हणाले, “माग कशाला थांबवतेस? अण्णा पेटी घेणार ती माग चालवायला, थांबवायला नाही.” तेही गेलं. पेटी लाइन उघडून बघायची तेव्हा स्क्रीनवरचा उत्पादनाचा ग्राफ क्षणभर अडखळायचा. “हे काय उचकी लागल्यासारखं?” सरांनी विचारलं. उचकीही गेली. मी वाद घातला, पण पगाराच्या चेकवर सही त्यांची असायची. उरलं एवढंच, की गोंधळ झाला की कर्नलने मुकाट्याने लाइन बंद करायची आणि कोणाला काही सांगायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. प्रत्येक मागावर एक लाल बटण होतं. काही विपरीत घडलं, कोणाचा हात अडकला, तर ते दाबून माग तत्काळ थांबवायचा. पूर्वी मागाला त्यासाठी लोखंडी दांडा असायचा. तो ‘जुनाट दिसतो’ म्हणून सरांनी त्या रांगेतून काढायला लावला होता. पेटीत लाइन कमी, म्हणून बटणंही सेन्सरच्याच लाइनला जोडली होती. पेटीच्या हिशोबात ती चौथी लाइन. म्हणजे सेन्सर बहकला आणि कर्नलने चौथी लाइन बंद केली, की त्याच्याबरोबर बटणंही गप्प.

“सर, बटणाची वायर थेट मोटरला जोडा. पेटीचा संबंधच नको,” मी म्हटलं.

“मग आपल्या पेटीचं कौतुक काय राहिलं? ब्रोशरवर काय छापलंय? ‘एक पेटी, सगळी कामं.’”

“ब्रोशरने हात वाचत नाही.”

“शलाका, मला एक सांग. सोमवारी तुझी खुर्चीची तक्रार होती. मंगळवारी चहा पाणचट. काल बाथरूमची कडी. आज वायर. तुझी रोजच एक हाक असते गं. त्यातली कुठली मनावर घ्यायची ते मला कसं कळायचं?”

“चारही घ्यायच्या. चारही खऱ्या आहेत.”

“ऑर्डर मिळू दे. मग बघू,” सर म्हणाले आणि फोन उचलून कोणाला तरी ‘व्हिजन’ सांगू लागले.

मला वायरीचा एवढा घोर का लागला होता, तर दस्तगीरमामांमुळे. त्या रांगेतला कोपऱ्यातला माग त्यांचा. डाव्या हाताची दोन बोटं जुन्या एका मागाने कधीच नेली होती. पेटी बसवताना त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, ग्राफचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी फक्त लाल बटणावर उरलेल्या बोटांनी टकटक केलं.

“ताई, हे दाबलं की थांबतोय न्हवं?”

“थांबतोय, मामा.”

“दांडा काढून नेलाय तुमच्या सायबानं. आता तुझ्या शब्दावर हात घालतोय बघ मी आत.”

तेव्हा बटण चालत होतं. मी खोटं बोलले नव्हते, पण त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नाही.

खंडेनवमीला कारखाना बंद होता आणि नुसता झळकत होता. माग पुसून लख्ख केलेले, प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूचा हार, दारात केळीचे खुंट. कोपऱ्यात मेन स्विचच्या खाली चौरंग मांडला होता. त्यावर कलश, आणि कलशापुढे कारखान्यातली झाडून सारी हत्यारं: पाने, पक्कड, हातोडी, कात्र्या. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. भोवती हातभर रांगोळी. अण्णा रेशमी सदऱ्यात होते. त्यांच्या आई, आक्का, मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि सगळ्यांना खरा धाक त्यांचा होता.

सरांनी मुहूर्त म्हणूनच हा दिवस निवडला होता. आरती झाली की दस्तगीरमामांचा माग चालू करून दाखवायचा, सर भाषण करणार, अण्णा ऑर्डर जाहीर करणार.

मी पेटीला लॅपटॉप जोडून बसले होते. आरतीची तयारी चालू असताना माझ्या लॅपटॉपवर एक बारीकशी नोंद उमटली: चौथी लाइन बंद.

पेटीच्या स्क्रीनवर अर्थातच सगळं हिरवंगार होतं. मी उठून रांगेतून चालत गेले आणि दस्तगीरमामांच्या मागापाशी थबकले. मागाला घातलेल्या हाराच्या टोकाला चमकीच्या झिरमिळ्या होत्या, आणि त्या नेमक्या सेन्सरच्या डोळ्यासमोर लोंबत होत्या. वर पंखा फिरत होता. झिरमिळ्या थरथरत होत्या, उजेड चमकवत होत्या, आणि सेन्सर बिचारा प्रत्येक चमकीला ‘धागा तुटला, धागा तुटला’ म्हणून हाका मारत होता. कर्नलने मी शिकवलं होतं तसंच केलं होतं. कान बंद करून घेतले होते.

मी हाराला हात घातला.

“ए पोरी!” आक्का खुर्चीतून कडाडल्या. “काय करालीस?”

“आक्का, हार जरा बाजूला सरकवते. सेन्सरच्या पुढे येतोय.”

“कशाच्या फुडं येतोय?”

“सेन्सरच्या. मागाचा डोळा आहे तो.”

“मग देवाच्या डोळ्याम्होरं हार आसंना का! आज माग म्हंजे देव. घातलेला हार काढत्यात व्हय कुठं? उद्या उतरू.”

अण्णांनी हसून माझ्याकडे बघितलं. त्या हसण्यात ‘आता मुकाट्याने बाजूला हो’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी सरांकडे गेले. ते फेटा बांधून घेत होते.

“सर, चौथी लाइन बंद झालीय.”

“पेटी हँग झाली?”

“नाही.”

“स्क्रीन?”

“हिरवा.”

“मग तुझं अभिनंदन!” सरांनी फेट्याखालून तोंड भरून हसू काढलं. “काय सुंदर काम केलंयस!”

“सर, लाल बटणं त्याच लाइनवर आहेत. आत्ता एकही बटण चालणार नाही. माग लावू नका.”

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त आवाज खाली आला. “आज नको. उद्या दसरा झाल्यावर कितीही बोल. हसऱ्या चेहऱ्याने उभी राहा.”

मग मी मामांना गाठलं. “मामा, बटण आत्ता चालणार नाही. माग चालू करू नका.”

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. “थांबतोय म्हणाली हुतीस.”

“तो हार काढून पेटी पुन्हा चालू केल्याशिवाय नाही थांबणार.”

“मग आक्कास्नी सांग.”

“सांगितलं.”

“मग मालकास्नी.”

“तेही ऐकत नाहीत.”

“तुझं ऐकत न्हाईत, ते माझं ऐकत्यात व्हय?” मामा म्हणाले. तेवढ्यात अण्णांनी हाक मारली, “लाव रे दस्तगीर!” आणि मामा मागाकडे वळले. रोजंदारीवरच्या माणसाने मालकाला सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर नाही म्हणायचं, अशी रीत कुठल्याच कारखान्यात नाही.

मला एकच जागा सुचली. मी मेन स्विचच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. स्विच भिंतीवर, मध्ये चौरंग, चौरंगाभोवती रांगोळी. मी रांगोळीला अगदी खेटून उभी होते आणि नजर मागावर ठेवून होते.

“बघा, केवढी भक्ती पोरीला,” कोणीतरी बाई कौतुकाने म्हणाली. “हार काढाय गेलती तवा वाटलं न्हवतं.”

माग धडधडू लागला. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळू लागला. अण्णांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. सरांना शाल म्हणजे विमानाचं तिकीटच, लगेच हवेत गेले.

“मित्रहो!” ते मागाच्या आवाजावर ओरडले. “स्क्रीन बघा! एकही अलार्म नाही! याला म्हणतात फुलप्रूफ! काही झालं तर पेटी बघून घेईल. माणसाने डोळे झाकून बसावं!”

आणि डोळे झाकून कसं बसायचं ते दाखवायला ते मागावर रेलले. शालीचं टोक सरकलं आणि गिअरच्या दोन चाकांमध्ये गेलं.

आधी कोणाला कळलंच नाही. सरांनी नमस्कारासाठी मान झुकवलीय असं सगळ्यांना वाटलं, एकदोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग नारळ हातातून निसटला. शाल गळ्याभोवती आवळत होती आणि सर इंचाइंचाने चाकाकडे ओढले जात होते. त्यांचा हात चाचपडत लाल बटणावर पडला. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच सुटले. मामांनी त्यांचा हात झटकून स्वतः दाबलं आणि तळहाताने बटणावर गुद्दे हाणले. माग मजेत विणत होता.

“कात्री!” मामा ओरडले. “आरं, कात्री द्या कुणीतरी!”

सगळ्या कात्र्या पूजेत होत्या. चौरंगाजवळची माणसं कात्र्यांकडे बघत होती, मग आक्कांकडे बघत होती, आणि कोणी हलत नव्हतं.

मी हलले. रांगोळीतून गेले, एक पाय चौरंगावर दिला, कलश लवंडला, पाणी हत्यारांवरून वाहिलं, आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे, दिवे, माग, सगळं एकदम बंद झालं. मी एक कात्री उचलून मामांकडे फेकली आणि त्यांनी शाल कापली.

सर जमिनीवर बसले. फेटा कानावर, गळ्याभोवती लाल वळ, अर्धी शाल अंगावर आणि अर्धी मागात. कारखान्यात उजेड फक्त दारातून येत होता, आणि पेटीच्या स्क्रीनमधून. पेटीला बॅटरी होती. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात ‘सर्व ठीक’ असं होतं.

पहिल्यांदा बोलल्या त्या आक्का. “पूजेवर पाय दिलास?”

“दिला,” मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता. “माणूस मरत होता, आक्का.”

“कलश तरी बगलंला सारायचास,” आक्का म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. त्यांनी वाकून स्वतः कलश उभा केला.

अण्णा बटणाकडे बघत होते. “दाबलं की हो यांनी. का थांबला न्हाई?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात जमिनीवरून घोगरा आवाज आला. “अण्णा,” सर म्हणाले, “आमच्या टीमचा रिस्पॉन्स टाइम बघितलात?”

सोमवारी मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे सर, मी आणि आखूड पायाची खुर्ची. सरांच्या गळ्याला मफलर होता, आवाज अजून बसलेला. ऑर्डर मिळाली होती. एवढा गोंधळ होऊनही पेटी हँग झाली नाही, हे अण्णांच्या मनात भरलं होतं. शिवाय त्यांनी दर पाडून घेतला होता.

“या घटनेतून आपण शिकलं पाहिजे,” सर म्हणाले. “मॅन्युअलमध्ये लिही. पेटीच्या सेन्सरजवळ हार घालू नयेत. प्रात्यक्षिकाच्या वेळी शाल स्वीकारू नये.”

“आणि वायर?”

“कसली वायर?”

मी त्यांच्या मफलरकडे बघत राहिले. या माणसाने स्वतःच्या बोटाने ते बटण दाबलं होतं. जीव खाऊन दाबलं होतं.

“बटणाची, सर. तुम्ही दाबलेल्या बटणाची.”

“हां, ती,” सर म्हणाले. “नवीन पेट्या तशाच जाऊ देत, तयार आहेत. पुढच्या मॉडेलमध्ये बघू. आणि शलाका, एक सांगू? तू थोडी ठासून बोलली असतीस, तर त्या दिवशी मी ऐकलं असतं.”

मी उठले. पक्कड, टेस्टर आणि वायरीचं एक वेटोळं पिशवीत घातलं आणि खाली उतरून इचलकरंजीची एसटी पकडली.

कारखाना धडधडत होता. दस्तगीरमामा आपल्या मागावर होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, हसले मात्र नाहीत. मी मेन स्विच कुठे आहे हे आता पक्कं जाणून होते. मामांच्या मागाची वीज तोडली, बटणाची वायर पेटीतून उपटली आणि थेट मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला जोडली. काम काहीच नव्हतं. एवढ्याशा कामासाठी माणूस शालीत लटकला होता.

“बघा,” मी म्हटलं.

मामांनी माग चालू केला. थोडं कापड विणू दिलं, आणि तीन बोटांच्या हाताने बटण दाबलं. माग थांबला. त्यांनी तो पुन्हा चालू केला, पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला. मग त्यांनी बाजूला खुंटीला अडकवलेला झेंडूचा वाळका हार घेतला, सेन्सरच्या तोंडावर धरून पेटी कान बंद करेपर्यंत गदगदा हलवला, माग चालू केला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. माग थांबला. तेव्हा कुठे ते हसले.

शेजारच्या मागावरचा विणकर आला. त्यानेही दाबून बघितलं. मग त्याच्या पलीकडचा आला. बघता बघता मामांच्या मागापुढे घोळका झाला, आणि एकेक जण पुढे होऊन माग थांबवून बघू लागला. अण्णा ऑफिसातून धावत आले. “आरं काय चाललंय? माग सोडून हितं काय कराय लागलाय?”

“अण्णा, तुम्हीपण दाबा की,” मामा म्हणाले.

अण्णांनी घोळक्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पक्कडीकडे बघितलं आणि बटण दाबलं. माग थांबला. त्यांनी स्वतः माग चालू केला आणि आणखी एकदा बटण दाबलं.

“माझ्या मागाला कवा लावतीस?” घोळक्यातून कोणीतरी विचारलं.

पिशवीत माझा मोबाइल वाजत होता. पाच्छापुरे सर. बंद व्हायचा आणि पुन्हा वाजायचा, पुन्हा वाजायचा. कंपनीच्या पेटीला परवानगीशिवाय हात लावला म्हणून नोकरी जाणार हे मला माहीत होतं, आणि ती गेलीही. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि वायर सोडवत पुढच्या मागाकडे गेले.